दोन जूनची माणसं

आधीच माफी मागतो. लिहिणारा माणूस मी नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही आणि आम्हाला ठाऊक असलेलं लिहिणं म्हणजे अर्ज: वर उजव्या कोपऱ्यात तारीख, खाली 'आपला विश्वासू'. मधल्या जागेत स्वतःबद्दलही काही लिहिता येतं, हे मला बारावीपर्यंत माहीत नव्हतं. शिवाय जे सांगायचंय त्यात फारसं काही घडत नाही. एका फाईलमधले आकडे मी तारखांमध्ये बदलले, इतकंच. पण त्यातली एक तारीख माझ्या आत्याची होती. वसतिगृहातलं तिचं काम आणि तिथली तिची खोली आणखी चार वर्षं राहणार की मेअखेर जाणार, हे त्या तारखेवर होतं. ते मला ठाऊक होतं आणि फाईल माझ्या हातात होती. म्हणून लिहितो. नावं कुणाचीच लिहिणार नाही.

मी धावड्याचा. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात, आई मिळेल तशी रोजाने जाते. मी जालन्यात बी.एस्सी.ला, कॉम्प्युटर सायन्स, दुसरं वर्ष. 'कमवा आणि शिका'मध्ये नाव होतं म्हणून रोज दुपारी तीन तास संस्थेच्या कार्यालयात बसायचो. आमचं कॉलेज ज्या शिक्षण संस्थेचं, तिच्याच शाळा आणि वसतिगृहं जिल्ह्यात आणखी काही ठिकाणी आहेत. परतूरच्या मुलींच्या वसतिगृहात माझी आत्या स्वयंपाकाला होती. लग्नानंतर दोन वर्षांत ती माहेरी परत आली, का आली ते घरात कुणी बोलत नाही. मग कुणाच्या तरी ओळखीनं ती परतूरला लागली आणि तिथलीच झाली. स्वयंपाकघराच्या मागे एक खोली तिला दिलेली होती. आम्ही लहान असताना सुटीत आत्याकडे जायचं म्हणजे त्या खोलीत जायचं. तिचं दुसरं घर नव्हतं.

कार्यालयात हेड क्लार्कना सगळे मोठे बाबू म्हणत. हसनाबादचे, घरी चांगली शेती, माणूस बोलायला मोकळा. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्ची ओढून दिली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"तूच का धावड्याचा?"

"हो साहेब."

"कॉम्प्युटर शिकून राह्यला ना? मंग हे बघ. जन्मतारखेच्या जागी काय आलंय? बावीस हजार, तेवीस हजार, एकतीस हजार. ही माणसं हायेत का लाईटचे मीटर?"

शाळांमधले शिपाई, वसतिगृहातले स्वयंपाकी, आया, पहारेकरी अशा एकशे त्रेचाळीस जणांची ती यादी होती. कारकून आणि शिक्षकांची फाईल वेगळी होती, ती ठीक होती. ही यादी एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होती, ते बंद पडलं आणि त्यातून नावं आणि नोकरीला लागल्याची सालं तेवढी नीट बाहेर आली. जन्मतारखांचे आकडे झाले. बाहेरच्या एका माणसानं नवी कोरी शीट बनवून दिली होती, त्यात हे सगळं भरून तारखा दिवस-महिना-वर्ष अशा करायच्या होत्या.

"एकदा ही यादी झाली की जुनी रजिस्टरं बांधून माळ्यावर," मोठे बाबू म्हणाले. "इथून पुढं कुणाला कधी घरी पाठवायचं, ते हीच सांगणार. मला विचारू नका, शीटला विचारा."

मी हसलो, कारण ते हसले.

त्या आकड्यांचं रहस्य मला वर्गात शिकवलेलं होतं, म्हणून मला जरा बरंही वाटलं. कॉम्प्युटर तारीख तारीख म्हणून ठेवतच नाही. एक ठरलेला दिवस तो पहिला मानतो आणि तिथून किती दिवस झाले तेवढा आकडा ठेवतो. आपण त्या रकान्याला सांगायचं की हा आकडा तारखेसारखा दाखव, की तो दाखवतो. काही आकडे आकडे नव्हतेच, अक्षरं म्हणून आलेले होते आणि चौकटीत डावीकडे चिकटून बसले होते. ते आधी आकडे करून घेतले. मग सगळा रकाना निवडून तारखेचा फॉरमॅट दिला आणि वरपासून खालपर्यंत कुंपणासारख्या खुणाच खुणा उमटल्या. वाटलं, एकशे त्रेचाळीस माणसांचं वाटोळं केलं. मग लक्षात आलं की रकाना अरुंद आहे. रुंद केला. तारखा आल्या.

मी सगळ्यात आधी आत्याची ओळ शोधली. एकोणनव्वदावी. तिचा आकडा होता २३८९४ आणि त्याची तारीख झाली होती ०२-०६-१९६९.

आत्या दिवाळीपासून म्हणत होती की यंदा मेमध्ये माझं झालं, साठ भरले. मी बोटं मोजली. एकोणसत्तर म्हणजे अजून साठ व्हायला चार वर्षं होती. माझा आधी विश्वास बसेना, मग बसला. न शिकलेली बाई, कुणीतरी काहीतरी सांगितलं असेल, तिनं तेच धरलं असेल, असं मी ठरवून टाकलं. त्या दिवशी खोलीवर जाताना मी रस्त्यात थांबून चहा घेतला, एकट्यानं, जे मी सहसा करत नाही. रविवारी परतूरला जाऊन तिला सांगायचं ठरवलं. फोनवर सांगावं असं ते नव्हतं.

तो आनंद एक संध्याकाळ आणि अर्धा दिवस टिकला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी यादी पुन्हा वरून खाली बघत होतो. निम्म्याहून जास्त लोकांची तारीख दोन जून होती. साल वेगवेगळं, पण दिवस तोच. दोन जून, दोन जून, दोन जून. मी शीट शेवटच्या ओळीपर्यंत सरकवत गेलो.

आमच्याकडच्या वाचणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या लोकांचा जन्म एक जूनचा असतो. माझा एक जून, वडिलांचा एक जून, आईचा एक जून, विहारात जे चार म्हातारे बसतात त्यांचाही एक जून. शाळा जूनमध्ये उघडायची, तेव्हा मास्तर गल्लीतून पोरं गोळा करून न्यायचे, आणि जन्म कधीचा म्हटलं की घरचे म्हणायचे, कापूस वेचायला चाललो होतो तेव्हाचा. मास्तर एक जून लिहून मोकळे. एक जूनला आमच्या गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी दरवर्षी टाकतं, 'सगळ्या गावाला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', आणि खाली सगळे सगळ्यांचे आभार मानतात.

दोन जूनचा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आणि इथे एका शीटमध्ये इतके.

मी मोठ्या बाबूंना म्हटलं, "साहेब, ह्या तारखा चुकल्यात बहुतेक."

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "कुठं चुकल्या? दिवस हाय, महिना हाय, साल हाय."

"सगळ्यांची दोन जून कशी असंल?"

"आता ज्याची त्याची जन्मतारीख. माझी अकरा फेब्रुवारी, पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटं, पत्रिकेत हाय. त्यांची दोन जून असंल."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच दिसत नव्हतं. त्यांच्या घरात पोर जन्मलं की कुणीतरी घड्याळ बघायचं.

मी आईला फोन करून आत्याच्या आधार कार्डाचा फोटो मागवला, रेशनच्या कामासाठी काढलेला तो वडिलांच्या मोबाईलमध्ये होता. ०१/०६/१९६५. मग यादीत मागे गेलो. एक शिपाई चौदाव्या वर्षी नोकरीला लागलेला दिसत होता, एक आया पंधराव्या. प्रत्येक जण चार वर्षं आणि एक दिवसानं लहान झाला होता.

कॉलेजच्या लॅबमधल्या मॅडमना विचारलं. त्यांनी शीट बघितली आणि लगेच सेटिंगमध्ये एका ठिकाणी बोट ठेवलं. काही कॉम्प्युटर पहिला दिवस १९०० साली धरतात, काही १९०४ साली. ज्यानं कोरी शीट बनवली त्याच्या मशीनमध्ये दुसरी पद्धत असणार. आकडे पहिल्या पद्धतीचे, शीट दुसऱ्या पद्धतीची. तेवढ्यानं हे झालं.

"ह्या चौकटीतली खूण काढ, आपोआप बराबर होतील," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या लक्षात कसं आलं रे? मोठमोठ्यांच्या येत नाही."

मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडं दोन जून नसते."

त्यांना वाटलं मी विनोद केला.

एका चौकटीतली एक खूण. ती काढली की एकशे त्रेचाळीस माणसं एका क्षणात चार वर्षांनी म्हातारी होणार होती, आणि त्यातली एक मेअखेर घरी जाणार होती. घरी म्हणजे कुठं, हे मला कळत नव्हतं. मला तेव्हा काय वाटलं असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. काही वाटलं नाही. मॅडमना थँक यू म्हणालो, बॅगची चेन लावली, पुढच्या तासाला बसलो. त्या तासाच्या नोट्स अजून माझ्याकडे आहेत, अक्षर नेहमीसारखंच आहे.

रविवारी पॅसेंजरनं परतूरला गेलो. जाणारच होतो, फक्त सांगायचं ते बदललं होतं.

जेवणाची वेळ होती. मुली ताटं घेऊन ओळीत उभ्या होत्या आणि आत्या भाकरी थापत होती. परातीवर तिचा हात गोल फिरतो तेव्हा भाकरी मोठी होताना दिसत नाही, एकदम झालेली दिसते. मला बघून ती म्हणाली, "आला का बाप्पा. हात धू. आन् त्या वरणाच्या पातेल्याकडं बघ जरा, खाली लागंल."

एका मुलीनं ओळीतून ओरडून सांगितलं, "मावशी, भाजीत मीठ न्हाई आज!"

"तुझ्या जिभेवर लई हाय, त्यातलं घाल," आत्या वर न बघता म्हणाली. सगळी ओळ हसली. ती मुलगीही.

ऐंशी मुली जेवून होईपर्यंत मी काही बोललो नाही. मग ती माझं आणि तिचं ताट घेऊन उंबऱ्यात बसली. मी विचारलं, "आत्या, तुझं खरं वय किती?"

"का? लगीन लावून राह्यला काय माझं?"

"सांग ना."

"तुझ्या बापापेक्षा दोन वर्सांनी मोठी. माय म्हणायची."

वडिलांचं कागदावरचं साल एकाहत्तर आहे. दोन वर्षांनी मोठी म्हणजे एकोणसत्तर. मी घास हातातच धरून ठेवला.

"मंग कागदावर पासष्ट कसं?"

"ते व्हय," ती म्हणाली आणि हसू लागली. "थोरल्या चुलतीनं तिघींना शाळेत नेल्तं. तिच्या दोन पोरी आन् मी. मला घरी कुणी बघायला नव्हतं म्हणून मला बी नेलं, मी काय शाळेच्या वयाची नव्हते. मास्तर म्हणला, किती किती वर्साच्या? चुलतीला निंदायला जायचं व्हतं. ती म्हणली, तिघी बी एकाच वयाच्या लिहा, पण जल्दी लिहा. मास्तरनं लिहिलं. चुलतीच्या थोरल्या पोरीचं साल मला लागलं." मग जरा थांबून म्हणाली, "दुसरीतून शाळा सुटली. साल तेवढं राह्यलं."

मी तिला सांगितलं. सगळं. यादीत तिची तारीख कशी पडली, चार वर्षं कशी कमी झाली, ती चूक कशी आहे.

"कुणाची चूक?" तिनं विचारलं.

"मशीनची."

आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला. "बघ. मास्तरला कळलं न्हाई, चुलतीला कळलं न्हाई. मशीनला बराबर कळलं."

मी हसलो नाही. तिचंही हसणं हळूहळू थांबलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, पण तोंडात घातला नाही.

"मंग ऱ्हाऊ दे की तसंच," ती म्हणाली. साधं म्हणाली, जसं ताटात उरलेलं राहू दे म्हणावं. "कागदावर म्हातारी झाले मी. माझ्या हाताला अजून ठाऊक न्हाई."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"तुझ्यावर काई येणार न्हाई ना?"

"माहीत न्हाई आत्या."

तिनं अंगणात वाळत घातलेल्या मुलींच्या कपड्यांकडे एकदा बघितलं. मग ताटं उचलली. "तू तुझं बघ मंग. तू शिकून राह्यला. तुला कळतंय काय करायचं ते." नळावर ताटं घासताना तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. निघताना तिनं फडक्यात चार भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला. दरवेळी देते तसा.

गाडीत मी विचार करत होतो असं लिहायला हवं, पण करत नव्हतो. खिडकीतून शेतं जात होती. फडक्यातल्या भाकऱ्या मांडीवर गरम लागत होत्या, मग कोमट, मग नाही.

सोमवारी शीट उघडली. आधी चौकटीतली खूण काढली. पडद्यावर काही आवाज झाला नाही, काही हललं नाही. दोन जूनच्या एक जून झाल्या. चौदाव्या वर्षी लागलेला शिपाई अठराव्या वर्षी लागला. सगळं इतकं नीट बसलं की बघत राहावं. मग मी एकोणनव्वदाव्या ओळीवर गेलो. तिथे आता ०१-०६-१९६५ होतं. मी ते पुसून हातानं टाकलं, ०१-०६-१९६९.

कुणाला कळलं नसतं. दिवस एक जूनच होता, बाकीच्यांसारखा. रजिस्टरं बांधायला सुतळी आणून ठेवलेली होती. आणि मी जे टाकलं होतं ते खरं होतं. तिच्या आईच्या तोंडचं होतं. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि अजूनही सांगतो. आधीचं साल घाईत लिहिलेलं, माझं साल विचारून लिहिलेलं. मी सेव्ह केलं.

मोठे बाबू चहा पिऊन आले. मी त्यांना चूक काय होती ते समजावलं. त्यांनी चार-पाच ओळी बघितल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"आयला, म्हंजी मी सही करून पाठवली असती तर समद्यांना चार वर्सं फुकट!" ते मोठ्यानं शेजारच्या टेबलाला म्हणाले, "बघा रे, धावड्याच्या पोरानं वाचवलं." मग खुर्ची माझ्याजवळ ओढून जरा हळू म्हणाले, "तुझी आत्या परतूरला हाय ना? तिची तेवढी एकदा तुझ्या डोळ्यांनी बघून घे. बाकीचं मी बघत न्हाई. तू केलंय म्हणल्यावर झालं."

"हो साहेब," मी म्हणालो.

ते पेन उघडून बसले. छापलेल्या कागदावर त्यांची सही व्हायची होती, मी अजून छापलं नव्हतं. मी स्क्रीनकडे वळलो. एकोणनव्वदावी ओळ. मी तिथली तारीख पुसली आणि ०१-०६-१९६५ टाकलं. का टाकलं, ते मी अनेकदा शोधून पाहिलं. भीती होती, ती तर होतीच. चूक पकडणाऱ्यानंच चूक केली असं कुणी म्हणू नये, असंही असेल. पण मुख्य म्हणजे ते म्हणाले, मी बघत नाही. त्यांनी बघितलं असतं तर कदाचित मी तसंच ठेवलं असतं. हे वाचून कुणाला पटणार नाही, मलाही नीट पटत नाही. बोटांनी पाच टाकला, एवढं मी पाहिलं.

छापलं. त्यांनी सही केली. सुतळीनं रजिस्टरं बांधायला मीच मदत केली.

त्यानंतर काही आलं नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. मी आत्याला दोनदा फोन केला. एकदा तिनं माझ्या जेवणाचं विचारलं आणि एकदा फोन एका मुलीनं उचलला, म्हणाली मावशी दळण आणायला गेल्या. मी काय केलं ते मी तिला सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. मे महिन्यात माझी परीक्षा सुरू झाली आणि लांबत लांबत जूनमध्ये गेली. एक जूनला गल्लीच्या ग्रुपवर शुभेच्छा आल्या. मी सगळ्यांचे आभार मानले. त्या दिवशी माझा पेपर होता. आदल्या दिवशी एकतीस मे होती हे मला माहीत होतं. एक जूनच्या माणसाची नोकरी एकतीस मेला संपते, हेही मीच मोठ्या बाबूंना शीटमध्ये सूत्र घालून काढून दिलं होतं. मी घरी फोन केला नाही. घरूनही आला नाही. मी मनाशी म्हटलं, यादीचं काम अजून अडकलं असेल, कार्यालयात कामं अडकतात.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी वडिलांचा फोन आला. ते कामावर होते, मागे विटा टाकल्याचा आवाज येत होता.

"झाला का पेपर?"

"झाला."

"कसा गेला?"

"बरा."

"मंग आता सांगतो. परीक्षा व्हती म्हणून सांगितलं न्हाई, तिनंच नको म्हणलं. तुझी आत्या घरी आली. मे सरला तव्हाच आली."

मी काही बोललो नाही. वडिलांना वाटलं आवाज जात नाही, म्हणून ते जोरात बोलू लागले.

"सुटी लागल्याली, वसतिगृहात कुणीच नव्हतं! पोरी समद्या आपल्या गावाला. तिनं भांडी मोजून दिली, खोलीला कुलूप लावलं, किल्ली पहारेकऱ्याकडं दिली आन् एसटीनं आली. एक पेटी अन् परात. परात तिची सोताची व्हती म्हणती."

"बरं," मी म्हणालो.

"कागद मिळालाय तिला, छापील. समद्या गल्लीला दाखवून राह्यली. म्हणती, ही तारीख माझ्या पोरानं टाकली, जालन्याच्या ऑफिसात बसून. विहारात बी घेऊन गेल्ती." वडील थांबले, कुणाला तरी घमेलं इकडं आण म्हणाले, मग पुन्हा फोनवर आले. "काल मला विचारून राह्यली, शाळा कधी उघडती म्हणून. म्हणलं उघडली की, परवाच. मंग काई बोलली न्हाई. पीठ मळत बसली. एवढं मळलं, आपल्या घरात खाणार कोण."